रंकाळ्यावर विचारू का?

मराठीत 'प्रपोज' करायला धड क्रियापद नाही, हे कधी लक्षात आलंय का? 'मागणी घालणं' आहे, पण मागणी मुलीला घालत नाहीत, मुलीच्या घरी घालतात. त्यात दोन मामा, एक चुलता, एक मध्यस्थ आणि पोह्यांच्या बशा असतात. जिच्याशी लग्न करायचं, ती तेव्हा स्वयंपाकघरात असते. त्यामुळं समोरासमोर, स्वतःच्या तोंडानं विचारायची वेळ आली तेव्हा आपण इंग्रजीतला शब्द उचलला आणि त्याला घरचं क्रियापद जोडलं. आपल्याकडं प्रपोज 'करत' नाहीत, 'मारतात'. गप्पा मारतात, चक्कर मारतात, विहिरीत सूर मारतात, तसा प्रपोज मारतात. सूर मारण्याशी त्याचं नातं सगळ्यात जवळचं असावं. खाली पाणी किती आहे हे उडी मारल्यावरच कळतं.

त्यात आणखी एक घोळ आहे. कॉलेजात 'त्यानं तिला प्रपोज मारला' म्हणजे 'तू मला आवडतेस' एवढंच सांगितलेलं असतं. फेब्रुवारीतल्या ८ तारखेचा 'प्रपोज डे' त्याच हिशेबातला. हा लेख त्याबद्दल नाही. दोन-तीन वर्षं एकमेकांना नीट ओळखणारी, शिक्षण संपत आलेली, नोकरी किंवा घरचा धंदा नजरेच्या टप्प्यात असलेली आणि 'लग्न करायचं का?' हे आता एकदा स्पष्ट विचारायचं ठरवलेली जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: विचारायचं कुठं?

समजा, दोघं हुपरीची आहेत. हातकणंगले तालुक्यातलं चांदीचं गाव. नगरपरिषद झाली तरी बोलताना सगळे 'गाव'च म्हणतात, आणि या विषयापुरतं ते शंभर टक्के गावच आहे. उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा, पण दोन्ही नद्या गावाला खेटून नाहीत. गावातल्या कॅफेत बसावं, तर काउंटरवरचा पोरगा तुमच्या भावाच्या वर्गातला निघतो. शाळेमागचा रस्ता, मळ्याची वाट, देवळाचा कट्टा या सगळ्या जागांना डोळे आहेत. त्यामुळं गाडी आपोआप कोल्हापूरकडं वळते. फार तर तासाभराचा रस्ता. आणि कोल्हापुरात वळून वळून ती येऊन थांबते रंकाळ्यावर.

थांबण्याआधी बाकीच्या जागांचा विचार सगळेच करून बघतात. पन्हाळ्याचं नाव पहिलं निघतं. पावसाळ्यात धुकं, गरम कणीस, सज्जाकोठीवरून दिसणारी खोल दरी, फोटो एकदम भारी. पण गाडीवर जायचं, निसरडा घाट, आणि बोलणं बिनसलं तर तिला परतही त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून यायचं. मला हे सगळ्यात चुकीचं वाटतं. ज्या जागेहून एखाद्याला स्वतःच्या पायानं निघून जाता येत नाही, ती जागा हा प्रश्न विचारायची नव्हे.

नृसिंहवाडीचा घाट सुंदर आहे. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, संध्याकाळची आरती, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी. पण तिथं तुमची आजी, तिची बहीण आणि त्या बहिणीची भिशी हे सगळं पौर्णिमेला हजर असतं. कोल्हापुरातला पंचगंगा घाट त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्यांनी उजळतो, तो एकदा तरी बघावाच. पण बघायला जावं, बोलायला नव्हे. त्या गर्दीत स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. आणि पावसाळ्यात तर घाट नदीच्याच ताब्यात असतो. राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोराला पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत, त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठ रोमँटिक वाटणं जरा अवघडच.

उरतो रंकाळा.

तोंड एकाच दिशेला

पाण्याच्या काठी असं काय असतं, की जगभरातली माणसं हा प्रश्न विचारायला तिथंच जातात? सूर्यास्त, वारा, चांदणं हे सगळं आहेच. मला मात्र खरं कारण त्याहून साधं वाटतं. काठावर दोघं शेजारी बसतात आणि दोघांचं तोंड एकाच दिशेला असतं. हॉटेलात टेबलाच्या पलीकडं माणूस समोर असतो. डोळ्याला डोळा लागतो, मध्येच वेटर येतो, गप्प बसलं की ती शांतता टोचायला लागते. कट्ट्यावर गप्प बसलं तरी चालतं, कारण बघायला पाणी आहे. अवघड वाक्य पाण्याकडं बघत बोलता येतं. ऐकणाऱ्यालाही चेहऱ्यावर लगेच काही आणावं लागत नाही. आपल्याकडं महत्त्वाच्या गोष्टी अशाच बोलल्या जातात. बाप पोराशी पैशाचं बोलतो ते गाडी चालवताना, आई लेकीशी मनातलं बोलते ते भाजी निवडताना.

दुसरं कारण गर्दी. काठावर माणसं असतात, पण ती तुमची नसतात. भेळवाला, कणीसवाला, फुगे विकणारा, जोरजोरात हात हलवत चालणारे ज्येष्ठ नागरिक, गाडीत बसून आईस्क्रीम खाणारी कुटुंबं. एकटेपणाही मिळतो आणि सुरक्षितपणाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हनं हे सूत्र सगळ्यांच्या आधी सिद्ध केलं. साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब असा तो अर्धगोल कट्टा; मागं आर्ट डेको इमारतींची रांग, जिला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली; पुढं टेट्रापॉड आणि समुद्र. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात अशा शहरात दोन माणसांनी रस्त्याकडं पाठ केली की त्यांची खोली तयार होते. भाडं शून्य. तिथं किती लग्नं ठरली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण 'तुमचं कुठं ठरलं?' असं मुंबईतल्या साठीच्या जोडप्यांना विचारून बघा. दादर चौपाटी, वरळी सी फेस, बँडस्टँड, मरीन ड्राइव्ह यापैकी एक नाव बहुतेक येईलच.

रंकाळा समुद्र नाही. पण आपला आहे. महालक्ष्मीच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रंकभैरवावरून नाव पडलं असं मानतात. आधी इथं दगडाची खाण होती, मोठा भूकंप झाला आणि त्यात पाणी भरलं, असं जुन्या पुस्तकांतून सांगत आलेत. काठावर शालिनी पॅलेस. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला, कोल्हापूरच्या राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा, काळ्या दगडाचा आणि इटालियन संगमरवराचा. आपल्या कितीतरी काका-काकूंच्या लग्नाच्या अल्बमात तो मागं धूसर दिसतो. दुसऱ्या अंगाला पद्माराजे उद्यान, पाण्यात पाय सोडून बसलेला संध्यामठ, आणि टॉवर. रंकाळा शहराच्या पश्चिमेला असल्यामुळं शहराकडच्या कट्ट्यावर बसलं की सूर्य बरोबर पाण्यापलीकडं बुडतो. त्यासाठी वेगळं काही ठरवावं लागत नाही.

आणि तिथला नंदी माहीत आहे का? लोक सांगतात, रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो पाण्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. कट्ट्यावर मनात प्रश्न घेऊन बसलेली निम्मी पोरं त्या नंदीसारखीच असतात. गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं. शेवटी 'भेळ खाऊया का?' एवढंच विचारून घरी जातात. पोचलो तर जगबुडीच होईल असं त्यांनाही वाटत असतं.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायला हवी. रंकाळ्याचं पाणी कायम पोस्टकार्डासारखं नसतं. शहराचं सांडपाणी मिसळणं, केंदाळ, हिरवा तवंग, वास हे सगळं या तळ्यानं वर्षानुवर्षं सोसलंय. त्यावर आंदोलनं झाली, अर्ज झाले, सफाई झाली आणि पुन्हा केंदाळ आलं. त्यामुळं आदल्या दिवशी एक चक्कर टाकून कुठल्या बाजूला बसण्यासारखं आहे ते बघून या. डासांचीही एक वेळ असते. दिवेलागणीनंतर ते जास्त प्रेमळ होतात.

कुणी बघितलं तर?

आता खरा मुद्दा. हुपरीपासून रंकाळा लांब आहे, पण पुरेसा लांब नाही. चांदीचा माल घेऊन गावातली माणसं कोल्हापूरला रोज ये-जा करतात. गुजरीत काम आटोपलं की घटकाभर रंकाळ्यावर टेकतात. 'तू अमक्याचा न्हवं?' हा प्रश्न तिथं कुठल्याही क्षणी पाठीमागून येऊ शकतो.

आणि हा प्रश्न दोघांना सारखा लागत नाही. मुलगा दिसला तर घरी दोन शिव्या बसतात, मित्रांत वट वाढते, आठवड्यात विषय संपतो. मुलगी दिसली तर तिचं कॉलेज बंद होऊ शकतं, फोन काढून घेतला जाऊ शकतो, घाईघाईनं स्थळं बघायला सुरुवात होऊ शकते. एकाच कट्ट्यावर, एकाच भेळेच्या कागदावर दोघं बसलेली असतात, पण दोघांनी पणाला लावलेलं वेगळं असतं. म्हणून 'सरप्राइज' या शब्दाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जागा कुठली, वार कुठला, किती वाजता, हे तिनं ठरवावं किंवा निदान तिला आधी माहीत असावं. प्रश्न अचानक असू दे, जागा अचानक नको. 'रविवारी रंकाळ्यावर जाऊया का?' यावर ती 'रविवारी नको, मंगळवारी दुपारी चारला' म्हणाली, तर त्यामागं तिचा पक्का अभ्यास असतो. मंगळवारी मामा कुठं असतो, हे तिला माहीत असतं.

मुलीनं विचारायचं ठरवलं तर? विचारावं की. तेव्हाही जागा तीच ठरवेल, म्हणजे एक काम कमी.

नुसतं बसणं हा गुन्हा नाही, हेही सांगून ठेवतो. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ११० वं कलम आहे, पण दोन सज्ञान माणसांनी कट्ट्यावर बसून बोलणं म्हणजे असभ्य वर्तन नव्हे. कोल्हापूर पोलिसांचं निर्भया पथक कॉलेजांभोवती आणि गर्दीच्या जागी फिरत असतं. ते मूळ छेडछाड रोखण्यासाठी आहे. कुणी विचारलंच तर गांगरून पळू नका, ओळखपत्र दाखवा, शांतपणे बोला. पळणारी जोडी सगळ्यांनाच संशयास्पद दिसते. हा वाद फक्त आपल्याकडं आहे असंही समजू नका. २०२१ मध्ये मुंबईत बोरिवलीतल्या एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर रहिवाशांनी 'नो किसिंग झोन' असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. एवढ्या मोठ्या शहरातही लोकांना खिडकीतून दिसणाऱ्या दोघांचं एवढं ओझं होतं.

तिसरा डोळा मोबाइलचा. मित्राला झाडामागं उभं करून व्हिडिओ काढायला लावणं, गुडघ्यावर बसणं, लाइटच्या मोठ्या अक्षरांत 'मॅरी मी', टाळ्या वाजवायला आणलेलं टोळकं. हे रील म्हणून छान दिसतं. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांसमोर तिनं 'मला विचार करायला वेळ हवा' कसं म्हणायचं? वीस माणसं 'से येस' ओरडत असताना आलेला 'हो' हा कुणाचा 'हो' असतो? आणि व्हिडिओ एकदा ग्रुपवर गेला की तो रंकाळ्यावरून हुपरीत यायला एसटी लागत नाही. तुमच्या आधी पोचतो.

चांदीच्या गावात अंगठीची पंचाईत

प्रपोज म्हटलं की अंगठी, आणि अंगठी म्हटलं की हिरा, हे समीकरण फार जुनं नाही. हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या डी बिअर्स कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी नावाच्या जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी १९४७ मध्ये 'हिरा कायमचा असतो' या अर्थाची एक ओळ लिहिली. ती इतकी चालली की अमेरिकेतल्या पोरांना हिऱ्याशिवाय विचारणं कमीपणाचं वाटू लागलं. आपल्याकडं अंगठी यायची ती साखरपुड्यात, दोन्ही घरांच्या साक्षीनं, वजन आणि पावतीसकट.

हुपरीच्या पोराला हिऱ्याची गरज काय? घरात चांदी आहे. पण अडचण तिथंच आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ हे गाव चांदी घडवतंय. कुणी आटणी करतं, कुणी तार ओढतं, कुणी झाळकाम करतं, कुणी पॉलिश. पैंजणाच्या कड्या जोडायचं काम कितीतरी घरांत बायका घरकाम उरकून करतात. एक पैंजण तयार होईपर्यंत कितीतरी हातांतून फिरतं. अशा गावात एक साधी अंगठी गुपचूप करून घेणं म्हणजे लाउडस्पीकरवर जाहीर करण्यासारखंच. साइज विचारली की पहिला प्रश्न, 'कुणासाठी?' बहिणीसाठी म्हणावं तर बहिणीचं माप त्यांना पाठ असतं.

आणखी एक गंमत. सोनं कमरेच्या खाली घालायचं नाही, हा आपला जुना संकेत. म्हणून पायातलं सगळं चांदीचं: पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी. त्या पायातल्या चांदीवरच हुपरी उभी आहे. पण जोडवी लग्न झालेल्या बाईची खूण. त्यामुळं हौसेनं जोडवी घेऊन गेलात तर तो प्रश्न राहत नाही, थेट उत्तरच गृहीत धरल्यासारखं होतं. तसं करू नका. पैंजण मात्र मला अंगठीपेक्षा कितीतरी बरं वाटतं. त्याला बोटाचं माप लागत नाही, ते पंजाबी ड्रेसखाली झाकलं जातं, आणि मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलं असं घरी सांगता येतं. चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. घरच्या चौकशीत माणूस त्याच्या कितीतरी आधी वितळतो.

भावाचंही बघा. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढं गेली. ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्याच्या घरी कारखान्यात माल पडून आहे आणि ऑर्डर थांबलीय, त्या पोरानं रिकाम्या हातानं जाऊन विचारलं तरी काही कमी होत नाही. कणीस वीस-तीस रुपयांत मिळतं.

आणि 'नाही' आलं तर

या प्रश्नावर आपल्याकडं फार कमी बोललं जातं. मित्र सांगतात, 'टेन्शन घेऊ नको भावा, नाद खुळा होणार.' 'नाही' आलं तर काय करायचं, हे एकही जण सांगत नाही.

'नाही' आलं तर पाण्याकडं बघा, दोन मिनिटं गप्प बसा, 'बरं' म्हणा, आणि तिला कसं जायचंय ते विचारा. रिक्षा करून देऊ का, मैत्रिणीला फोन करायचाय का, स्टँडपर्यंत सोडू का. ती 'नको' म्हणाली तर त्याच जागी बसून राहा आणि तिला जाऊ द्या. बस. कारण विचारायचं नाही, 'माझ्यात काय कमी आहे' म्हणायचं नाही, हात धरायचा नाही, पाण्यात उडी मारायची धमकी तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या क्लासबाहेर उभं राहायचं नाही. नकार दिल्यावरही पाठलाग करणं, सतत मेसेज करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत तो ३५४-ड कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली आहे. पण कलम माहीत असण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं, आणि आठवडाभरात ती गेली. आपल्या महाराष्ट्रात मुली 'नाही' म्हणायला घाबरतात ते उगीच नाही. म्हणून खुली जागा, उजेड, माणसं आणि जायला मोकळा रस्ता. कट्ट्याची ही बाजू सूर्यास्ताइतकीच महत्त्वाची आहे.

'विचार करून सांगते' हेही उत्तर आहे. ते 'नाही'चं सभ्य रूप असू शकतं, किंवा खरोखरच विचार करायचा असू शकतो. कुठलं आहे ते शोधायचं काम तुमचं नाही. वाट बघायची.

'हो' आलं तर काम वाढतं

'हो' आलं की पोरांना वाटतं झालं. खरं तर आत्ता कुठं सुरू झालं.

आधी वय. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण झाल्याशिवाय कायद्यानं लग्न नाही. तिसऱ्या वर्षाला शिकणारा पुष्कळदा वीसचा असतो, त्यामुळं 'हो' आलं तरी मध्ये वर्ष-दोन वर्षं आहेतच. ती वाया जात नाहीत. तेवढ्यात दोघांपैकी एकाचा तरी पगार सुरू होतो, आणि घरी बोलताना पगाराच्या स्लिपचा जेवढा उपयोग होतो, तेवढा प्रेमाच्या भाषणाचा होत नाही.

मग जात. याला वळसा घालून लिहिण्यात अर्थ नाही, कारण कट्ट्यावर बसलेल्या दोघांच्या मनात तो विषय असतोच. ज्या कोल्हापुरात तुम्ही बसलाय, तिथं राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांचं आंतरजातीय विवाहाचं विधेयक तेव्हा नुसतंच वादात अडकलं होतं. महाराजांनी त्या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला आणि आपल्या संस्थानात प्रत्यक्ष कायदा करून दाखवला. पुढं जाऊन आपल्याच घराण्यातल्या मुलीची सोयरीक त्यांनी इंदूरच्या होळकरांशी ठरवली. मराठा आणि धनगर. शंभर वर्षांपूर्वी. शाहूंच्या नावाच्या चौकात उभं राहून 'आपल्यात असलं चालत नाही' म्हणणाऱ्या मामाला हे आठवण करून द्यायला हरकत नाही, फक्त आवाज खाली ठेवून.

कायद्याचा रस्ताही माहीत असू दे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते, आणि ती नोटीस कार्यालयात लावली जाते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे गुपचूप होण्यासारखी ही गोष्ट नाही. घरी त्याआधी कळलेलं बरं. दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, भटक्या विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर राज्य सरकारची आंतरजातीय विवाहासाठी ५० हजार रुपयांच्या मदतीची योजना आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जायचं. आणि जीवाला भीती वाटण्यापर्यंत गोष्ट गेली, तर मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही पंचायतीला, भावकीला ढवळाढवळ करता येणार नाही, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवेत. तातडीला ११२ आहेच.

घरी कुणाला आधी सांगायचं, हा शेवटचा प्रश्न. आईला सांगावं असं सगळे म्हणतात. माझा अंदाज वेगळा आहे. हुपरीसारख्या गावात प्रत्येक घराला एक आत्या किंवा एक दाजी असा असतो, ज्याचं सगळे ऐकतात आणि ज्याच्या स्वतःच्या लग्नात काहीतरी भानगड झालेली असते. त्यांना शोधा. ती माणसं आधी अर्धा तास शिव्या देतात. मग विचारतात, 'पोरगी करते काय?'

आणि हो, त्या दिवशी परतताना अंधार पडायच्या आत निघा. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, मागच्या ट्रॉल्यांना दिवे नसतात. वेगवेगळ्या एसटीनं जायचं असेल तर तिची गाडी आधी निघू द्या. बोटात अंगठी असेल तर ती हुपरीच्या स्टँडवर उतरण्याआधी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायला सांगा. त्या गावात दहा फुटांवरून चांदीचा टंच सांगणारी माणसं आहेत.